मागची डावी सीट

नोंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं बसून मिळवलेली ती पदवी होती. घरीही तोच खाक्या. त्यांची चोवीस वर्षं जुनी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, आणि सुरू झालीच तर जागच्या जागी हुडहुडी भरल्यासारखी थरथरून बंद पडू लागली, तेव्हा मेकॅनिककडे जाण्याआधी त्यांनी एक वही उघडली. तारीख, हवामान, चावी किती वेळा फिरवली, गाडीत कोण होतं, आणि शेवटी शेरा.

दोन महिन्यांनी त्यांनी वही चाळली आणि चष्मा पुसून पुन्हा चाळली. गाडीत सासूबाई असल्या, की गाडी पहिल्या चावीला सुरू. नसल्या, की अकरा-बारा वेळा फिरवूनही खोकत बसायची.

नोंदराव अंधश्रद्धाळू नव्हते, म्हणून त्यांनी चाचण्या घेतल्या. सासूबाईंची छत्री ठेवून पाहिली. विणकामाची पिशवी ठेवून पाहिली. मग त्यांचं वजन करून तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं मागे ठेवलं. कलंडू नये म्हणून अगदी मधोमध. गाडी ढिम्म. वहीत शेरा पडला: वजनाचा संबंध नाही.

तेव्हापासून सासूबाई रोज कचेरीपर्यंत जाऊ लागल्या. नोंदराव कागद चढवत आणि त्या खाली गाडीत बसून मफलर विणत. न्हाव्याकडे त्या, दातांच्या डॉक्टरकडे त्या. आधीची दोन वर्षं त्यांना गॅलरीपलीकडे कोणी नेलं नव्हतं. आता शहरातला एकही रस्ता त्यांना अनोळखी राहिला नाही. कुठला सिग्नल किती वेळ लाल असतो तेही त्या सांगत.

‘‘माझ्या आईचा तुम्ही स्टार्टर केलात,’’ बायको म्हणाली. सासूबाई विणता विणता म्हणाल्या, ‘‘करू दे गं. बॅटरीपेक्षा मी बरी.’’

मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, बॅटरीची टोकं घासली. पण त्याच्यासमोर गाडी कधी कुरकुरलीच नाही, कारण तिथवर पोहोचायला सासूबाई लागत, आणि गॅरेजमधल्या तेलकट फरशीवर पाय ठेवायला त्या तयार नसत. त्या मागे बसून राहत, इंजिन मांजरासारखं गुरगुरत राही, आणि मेकॅनिक नोंदरावांकडे काळजीने बघत राही. एकदा त्याने हळूच विचारलंही, की साहेबांना झोप नीट लागते ना.

अशात सासूबाईंच्या मुलाचं पत्र आलं: आईला आता कायमची आमच्याकडे पाठवा, शनिवारचं तिकीट काढलंय. बायकोने त्यावर आपला निर्णय जोडला. आई गेल्यावर हे धूड दारात उभं राहणार नाही; रविवारी भंगारवाला येईल. एक ट्रंक भरायला सासूबाईंनी चार दिवस लावले, आणि तेही रोज भरलेलं परत उपसून.

शनिवारी स्टेशनच्या वाटेवर नोंदरावांनी गाडी गॅरेजकडे वळवली. एकदाचा निकाल लागू दे, म्हणाले.

‘‘आजी,’’ मेकॅनिक म्हणाला, ‘‘इंजिन चालू असू दे. तुम्ही जरा उतरता?’’

फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. आजी उतरल्या. इंजिन थरथरलं, खोकलं आणि बंद पडलं. त्या परत बसल्या. पहिल्या चावीला सुरू. तीनदा केलं, तीनदा तेच. मेकॅनिकचा चेहरा पडला.

मग मात्र त्याने मागची सीटच उचकटली. डाव्या बाजूला, सासूबाईंच्या बरोबर खाली, पेट्रोलच्या पंपाकडे जाणाऱ्या वायरींचा जोड सैल होऊन काळपटला होता. कोणी तिथे बसलं की सीटची स्प्रिंग त्याला दाबून धरी आणि पंप चाले. नोंदरावांचे कान तापले. वाळूचं पोतं मधोमध होतं. वजन नोंदवलं, जागा नोंदवली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा रकाना राहून गेला नव्हता.

दहा मिनिटांत नवा जोड बसला. गाडी रिकामी असताना, मऊसूत, सुरू झाली.

सासूबाई वर्तमानपत्रावर उभ्या होत्या. इंजिनाकडे बघत म्हणाल्या, ‘‘झालं तर मग. आता माझं काही काम नाही. चला, गाडी चुकेल.’’

नोंदरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. स्टेशन वीस मिनिटांवर होतं आणि आगगाडी सुटायला पाऊण तास होता. त्यांनी वही काढून बॉनेटवर ठेवली.

‘‘एका चाचणीवर मी निष्कर्ष काढत नाही,’’ ते मेकॅनिकला म्हणाले. ‘‘निदान वर्षभर पाहावं लागेल. आई बसलेल्या असताना आणि नसताना.’’

‘‘पंप आहे साहेब, सासू नाही. लागतंय कशाला वर्षभर?’’

‘‘तुला नाही कळायचं,’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मागचं डावं दार उघडलं, बसल्या आणि पिशवीतून सुया काढल्या. ‘‘जावईबापू, नसतानाचं नंतर पाहू. आधी असतानाचं लिहून घ्या.’’

नोंदरावांनी तारीख टाकली. ट्रंक डिकीतच होती. ती तशीच घरी परत आली.