एका हार्ड डिस्कमध्ये दोन बिऱ्हाडं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से धुळीसारखे साठतात. कॅबिनेट उघडलं की एखादा निघतोच. आमच्या शिक्रापूरच्या दुकानातले बहुतेक सचिनचे आहेत. सचिन आता नाही. त्यामुळे सांगायला लागलो की आधी हसू येतं, मग येत नाही.

दुकानात आम्ही तिघं: मालक कदमसर, सचिन आणि मी. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. सचिनला लिनक्सचं, म्हणजे विंडोजसारख्याच एका फुकट सिस्टिमचं वेड! मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी घेऊन तो येईल त्या मशीनमध्ये विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचा. मशीन चालू केलं की पडद्यावर दोन ओळींचा मेनू यायचा, हवी ती सिस्टिम निवडायची. "भाडेकरू ठेवलाय, घरमालकाला काय त्रास न्हाई!" असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक आठवड्यात वैतागून परत यायचं.

*

कोरेगाव भीमाच्या एका आबांनी दोन मुलांत मिळून एक कॉम्प्युटर घेतला.

"दोन सिस्टिम बसत्यात म्हंजी बरंच झालं. थोरल्याला एक, धाकट्याला एक. हिस्सा सारखा काढा, मागनं कटकट नको!"

सचिनने डिस्क बरोब्बर निम्मी कापून, एका हिश्शात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स बसवून दिलं. महिन्याभरात धाकटा रडकुंडीला येऊन दुकानात हजर. लिनक्समधलं त्याचं कॉलेजचं सगळं प्रोजेक्ट गायब! थोरला मागेच उभा होता.

"मला तिकडं काईच दिसत नव्हतं. रिकामं पडलंय म्हणून घेतलं आपल्यात!"

विंडोजमधून लिनक्सचा हिस्सा दिसत नाही, हे खरंच होतं. आबा थोरल्याकडे वळले. "आरं, उद्या बांधावरबी तू ह्येच करशील," म्हणाले. ते दोघे भाऊ पुन्हा कधी एकत्र दुकानात आले नाहीत.

*

सणसवाडीच्या एका कंपनीतला बिहारचा सुपरवायझर. त्याची डिस्क कापायचं काम अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी तर कधीच मेलेली! मित्राच्या कॅमेऱ्याने काढलेले, गावी राहणाऱ्या त्याच्या लहान मुलीचे फोटो त्यात होते, आणि दुसरीकडे कुठेच नव्हते.

"भैया, सब गया?"

"हां. सब," सचिन म्हणाला.

सुपरवायझरने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "चलो, मशीन तो चलेगी ना?" एवढंच बोलून तो गेला. त्या दिवशी सचिनने डबा उघडला नाही.

*

सचिन भर दुपारी चौकात रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेला. चार दिवसांनी दुकान उघडलं, तर दारात लोक. "त्ये दुसरं काढून टाका, वापरत न्हाई कुणी!"

पहिल्याच मशीनमधलं लिनक्स आम्ही उडवलं, तर विंडोजही चालू होईना. मेनू लिनक्सच्या हिश्शात राहतो, हे आम्हाला कुठं माहीत? सचिन होता तोवर ते माहीत असायची गरजच पडली नव्हती. कदमसर स्टुलावर बसले. "बघ! त्याला काढला, तर आपलंबी बंद." मला त्यांच्याकडे बघवेना.

*

महिन्याभराने सचिनचे वडील आले. आप्पा, शिरूरकडचे, झेंडूची शेती. घरचा कॉम्प्युटर गोणीत बांधून आणलेला. आम्ही तो जोडला. मेनूत सचिनने वरच्या ओळीत 'आप्पा' लिहिलं होतं, खालच्या ओळीत 'सचिन', इंग्रजी अक्षरांत. तो मेनू दहा सेकंद थांबायचा, मग वरच्या ओळीतलं विंडोज आपोआप सुरू व्हायचं आणि आप्पांचा पत्त्यांचा डाव लागायचा.

कदमसर हळूच म्हणाले, "आप्पा, खालचं काढून देऊ का? थेट चालू होईल."

आप्पांनी घाईघाईने कॅबिनेटवर हात ठेवला. "न्हाई, न्हाई! त्ये ऱ्हाऊ द्या. दहा सेकंद लई कमी पडत्यात, तेवढं वाढवून द्या."

"किती करू?" मी विचारलं.

"किती व्हत्यात?"

मी मेनूच्या फाइलमधली वेळेची ओळच खोडून टाकली. सचिनने शिकवलेलं एवढं मला येत होतं. मशीन पुन्हा चालू केलं. दोन्ही नावं आली आणि तशीच थांबली.

आप्पांनी पडद्यावरच्या खालच्या नावावर बोट ठेवलं. "आता म्या बटन दाबस्तोवर जाणार न्हाई ना?"

"नाही जाणार, आप्पा."

"मग दाबतच न्हाई."