ऑलिव्ह तेल आणि शेंगाचटणी

१० डिसेंबर. आज शेंगाचटणी कांडायला घेतली आणि मागच्या वर्षीची अथेन्सची सहल आठवली. सासूबाई सोबत होत्या; मी त्यांना आत्या म्हणते. जिथं मांस शिजतं तिथलं शिजवलेलं काही त्या खात नाहीत. आम्ही कडक भाकरी आणि चटणी भरपूर नेली होती, पण चारचौघांत डबा काढायचा नाही, असं मीच बजावलं होतं. त्यामुळे दिवसभर त्या फळांवर राहायच्या. तिसऱ्या दिवशी चढावर त्यांना चक्कर आली. मी त्यांना समोरच्याच हॉटेलात बसवलं.

मी मेनू वाचेपर्यंत त्यांनी पिशवीतून भाकरी-चटणी काढली होती. खोलीवरून गुपचूप आणली होती.

"आत्या, आत ठेवा. इथं बाहेरचं चालत नाही."

"मग उपाशी मरू व्हय? मी काय चोरी केली?"

तेवढ्यात मालकीण आली, त्यांच्याच वयाची. मी माफी मागायला उठले. सासूबाईंनी मात्र ताटलीत चटणी घेतली आणि सवयीने मधोमध बोटाने आळं केलं. बाईने ते पाहिलं, टेबलावरची ऑलिव्ह तेलाची बाटली उचलली आणि बरोबर आळ्यात तेल ओतलं. मग आतून घट्ट दह्याची वाटी आणून ठेवली.

"बघ, हिला कळतंय की," असं म्हणत सासूबाईंनी दह्यासोबत दोन भाकऱ्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅगेच्या तळातला भाकरीचा डबा काढून माझ्या खांद्याच्या पिशवीत ठेवला.