मोटारीचा संशय
तापलेल्या अॅम्प्लिफायरचा वास आला की लातूरची ती भाड्याची खोली आठवते. वडील हमाली करायचे, आई पाण्याच्या टँकरमागं पळायची आणि मी, घरातला पहिला पदवीधर, तिघा मित्रांसोबत बँड काढून बसलो होतो. सुसाट हलगी, खरखरीत गिटार, बेंबीच्या देठापासून ओरडणं आणि मधेच कव्वालीची तान, असलं आमचं गाणं. दार लावून वाजवायचो, म्हणून गल्लीला संशय आला की पोरांनी चोरून बोअर पाडलाय आणि मोटारीचा आवाज दडवायला बोंबलतात. एका दुपारी घरमालकीण चार बायका घेऊन आत घुसली. "मोटार दाखवा, न्हाईतर खोली खाली करा." आमची आडनावं ऐकूनही मिळालेली ती एकच खोली होती. तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, फरशीला कान लावला, तरी पटेना. "मी लाईट बंद करते, मग वाजवा. मोटार असली तर आवाज बसंल." तिनं मेन स्विच पाडला. गिटार मुकी झाली, पण हलगी आणि आमचे गळे थांबले नाहीत. बायकांनी कानावर हात ठेवले. "मोटार न्हाई," घरमालकीण म्हणाली, "पर उद्या पुन्हा बघून जाईन." ती महिनाभर येत राहिली. खोली मात्र आमच्याकडेच राहिली, आणि आमचा पहिला अल्बम आम्ही तिथंच रेकॉर्ड केला.