एल्रॉय सरांनी वर्गात आखलेलं कुंपण

आमचा एल्रॉय योन्नी इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. माझ्याच कुळातला, म्हणून मी त्याची मावशी. शाळेच्या स्वयंपाकघरातही मीच, त्यामुळे त्याचं पोट कशानं सुटलंय तेही मला ठाऊक. जमिनीचं भांडण दरवर्षी शिकवायचा: सरकारनं आम्हा नवाहोंची नि शेजारच्या होपी जमातीची सामाईक जमीन वाटली, मधे काटेरी तार ओढली, आणि तार ओढणाऱ्या होपींनी सतरा वर्षांच्या एल्रॉयचा जबडा फोडला. वर वाकडी हनुवटी दाखवायचा. मी म्हणायचे, "ती तर जन्मापासून तशीच आहे रे."

यंदा सरांना शहाणपण सुचलं. वर्गात फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारली नि म्हणाला, "ज्याचं बाक पलीकडे, त्यानं ते सोडून उठायचं."

आमच्यातला एक पोरगा, ड्वेन, उठेना. "सर, माझी नाळ आमच्या मेंढवाड्यात पुरलीय. तो वाडा आता होपींकडे. आजीला तिथून उठवलं, ती वर्षात मेली. मी नाही उठत."

वर्गातली एकटी होपी पोरगी, कार्लेटा, म्हणाली, "माझ्या आजोबांची उजवी मूठ वळत नाही. ते वाकून तार ओढत होते, तुमच्या सरांनी मागून हातावर पहार घातली. सरांचा जबडा नंतर फुटला."

"खोटारडी," म्हणत ड्वेननं तिचं तोंड बाकावर आपटलं. तिनं त्याच्या मनगटात कर्कटक खुपसलं. आरडाओरडा ऐकून मी झारा घेऊन धावले, तर खुर्च्या उडतायत नि रेघेवर रक्त.

एल्रॉयनं ड्वेनला भिंतीशी दाबलं. "ती खरं बोलतेय. आधी मी मारलं."

"माझ्या भावालाही तुम्ही उलटंच शिकवलंत," ड्वेन म्हणाला.

"हो."

शनिवारी मी त्याला कार्लेटाच्या आजोबांकडे नेलं, सोबत मेंढीची तंगडी. एल्रॉयनं आमच्या रीतीप्रमाणे आईचं कुळ, बापाचं कुळ सांगायला सुरुवात केली.

"कुळं राहू दे," म्हातारा म्हणाला. "केलंस काय ते सांग."

त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं डाव्या हाताचा ठोसा दिला. दात पडला. एल्रॉय हलला नाही. दुसरा ठोसा दिला, मग म्हणाला, "बाई, तंगडी आत आणा, माशा बसतायत."

जेवताना म्हातारा म्हणाला, "सोमवारी वर्गात मीही येतो. तू पहार घातलीस त्या दिवशी सकाळी तुझ्या आईच्या अकरा मेंढ्यांना गोळ्या घातल्या, त्या मी. पोरांना तेही कळू दे."

एल्रॉयचा घास तोंडातच राहिला. मग तो चावायला लागला, उरलेल्या दातांनी.