शून्य खप

सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसणाऱ्या फार्मासिस्टबाईंना सगळे गोळीताई म्हणत. अंगकाठी लहान, बोलणं मात्र बंदुकीतून सुटल्यासारखं. त्यामुळे हे नाव औषधांवरून पडलं की जिभेवरून, यावर दवाखान्यात दोन तट होते.

सोमवारी शिंपीकाका खिडकीशी आले. मनाचा तोल राखणाऱ्या लिथियमच्या दोन गोळ्या ते रोज घेत. त्यावर गेली चार वर्षं मन आणि मशीन दोन्ही सुरळीत चालली होती.

"काका, याही महिन्यात आल्या नाहीत. घरी किती उरल्यात?"

"मागे दोन महिन्यांच्या एकदम दिल्या होत्यात, त्यातल्या अठरा. म्हणजे नऊ दिवस." काकांनी चष्मा पुसला. "दहाव्या दिवसापासून माझी कात्री लपवायला माणूस ठेवा."

ताई हसल्या, पण आतून चरकल्या. चार वर्षांपूर्वी अशाच गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा काकांनी तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता घरातल्या पडद्यांचे चाळीस शर्ट शिवले आणि गल्लीत वाटून टाकले. गल्ली हसली. काका मात्र पुढे दोन महिने इस्पितळात होते आणि दुकानाला कुलूप. बाहेरची दुकानं तर ही गोळी ठेवतच नसत.

ताईंनी मुख्य स्टोअरच्या भाऊसाहेबांना फोन लावला.

"तुमची मागणी मंजूर कशी करू, ताई? मागच्या महिन्याचा खप शून्य दिसतोय."

"अहो, डबाच रिकामा होता. देणार काय, कपाळ?"

"जितका खप, तितका माल. नियम आहे."

"म्हणजे विहीर आटली की कोणाला तहानच लागत नाही, असंच ना?"

भाऊसाहेबांनी फोन ठेवून दिला.

खरं तर चूक ताईंचीही होती. फॉर्मवर 'दिलेल्या गोळ्या' असा रकाना होता, त्यात त्यांनी इमानेइतबारे शून्य भरलं होतं. रिकाम्या हाती परत गेलेल्यांची नोंद कुठेच नव्हती. त्यांनी केसपेपर उपसले. ही गोळी लागणारे अकरा जण निघाले. कोणाकडे किती दिवसांच्या गोळ्या उरल्यात, हे विचारून यादी केली आणि भाऊसाहेबांना पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झालीय. ही गोळी लिहून देणारं कोणी नाही, म्हणून तिथे सहा डबे पडून आहेत. पण आपली गाडी पंधरा दिवसांनी."

"गाडी राहू द्या, चिठ्ठी द्या. मी बसने जाते."

"नियमात तसं..."

"नियमात बसने जाऊ नये असं कुठंय?"

गुरुवारी डबे खिडकीमागे आले. काकांनी पाकिटावरची तारीख दोनदा वाचली.

"किती दिवस पुरतील?"

"अकरा जणांना दोन महिने."

"आणि मग?"

"मग काय, फॉर्मवर दिलेल्या नाही, लागणाऱ्या गोळ्या लिहीन. भाऊसाहेब ओरडतील. त्यांनाही तेवढाच व्यायाम."

काकांनी पाण्याचा पेला मागितला, खिडकीशीच दुपारची गोळी घेतली आणि दुकान उघडायला गेले.