माझ्या भावानं घेतलेल्या गोळ्या

ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं आमच्या भागात दोन माणसं धरत नाहीत. त्याला 'एक कोयता' म्हणतात. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि मुकादमानं दोघांना मिळून एक मोजायचं. माझा धाकटा भाऊ आणि भावजय असाच एक कोयता. हा हिशेब माझ्या भावानं किती मनावर घेतला होता, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या बाळंतपणात भावजय मरता मरता वाचली. बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भावाला समोर बसवून सांगितलं, "हिच्या अंगात रक्त नाही. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल. रक्त भरेपर्यंत हिचं ऑपरेशनही करता येणार नाही. तुम्हीच नसबंदी करून घ्या."

भावानं मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलावतो. घरी आईनं हे ऐकलं आणि पोराला सीमेवर धाडायचा हुकूम आल्यागत रडायला बसली. "गड्याचं ऑपरेशन? मोळ्या उचलायच्या हायत त्याला! कंबरंतलं बळ जातं!" कंबरेतलं बळ निघून नेमकं कुठं जातं, असं मी विचारलं. त्यावर मी बीडला मास्तरीण होऊन बिघडले, असं ठरलं.

आमच्या गावात हा विषय निघतच नाही असं नाही. निघतो, पण नावाशिवाय. सगळ्याला मिळून 'सोय' म्हणायचं. पाण्याची सोय, गाडीची सोय, तशी ही एक. आणि ती बायकांनी करायची, हे न सांगता ठरलेलं. पुरुषांची सोय दुकानदार पेपरात गुंडाळून देतो, आणि घेणारा सांगतो की मित्रासाठी नेतोय. सगळं गाव ज्याची इतकी काळजी घेतं, तो मित्र मला अजून भेटायचा आहे.

शेवटी सोय भावजयीनंच करायची ठरली. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी तिला गोळ्या दिल्या, रोज एक घ्यायची म्हणून बजावलं, आणि दिवाळीनंतर कोयता कारखान्यावर गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला दोघं परत आले, तेव्हा भावजयीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मी तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, दिवस गेलेत.

"गोळ्या चुकवल्या का?" त्यांनी विचारलं.

"एक दिवस न्हाई," भाऊ ठासून म्हणाला. "रोज भाकर खाल्ली की गोळी."

डॉक्टरीणबाई भावजयीकडे वळल्या. "तुम्ही रोज घेत होता?"

"मी न्हाई," भावजय म्हणाली. "मला लई मळमळायचं, फडात उभं ऱ्हाववत नव्हतं. मंग हेच घ्यायचे."

"म्हणलं, तिनं घेतली काय अन् मी घेतली काय, कोयता एकच हाय की," भावानं खुलासा केला. "मलाबी सुरुवातीला मळमळलं. तवाच वळखलं, लागू पडली."

नर्सबाई तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाल्या. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. आमच्या घराण्यात बायकोचं दुखणं स्वतःवर घेणारा हा पहिलाच गडी निघाला, आणि त्यानं नेमकं तेवढंच घ्यायला नको होतं.

गर्भपात करावा लागला, त्यात रक्त फार गेलं. बाटल्या चढत होत्या आणि मी तिच्या पापण्यांकडे बघत बसले होते. तिनं डोळे उघडले तेव्हा मला रडू आवरेना.

भाऊ तिचे कपडे आणायला गावी गेला, तर बातमी त्याच्या आधी पोचलेली. "काय बे, तुलाच दिवस गेले म्हणं?" "कितवा लागला?" एकानं चिंच खायला दिली. हसणाऱ्यांपैकी एकानंही बायकोला कधी सर्दीची गोळी आणून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण हसायला सगळा पार भरला होता. भाऊ परत आला तो तोंड पाडूनच, आणि सोबत आई.

डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. "आता तरी नसबंदी करा," त्या भावाला म्हणाल्या. "आज करू, संध्याकाळी घरी."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या तशी आई म्हणाली, "हिला आता रक्त चढलंय की. हिचंच करून टाकू. बायकांचं हुतंच."

भावानं त्यालाही मान डोलावली.

लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासूसमोर नवऱ्याशी एक शब्द न बोललेली भावजय कोपरावर उठली. "माझी गोळी तुमी गिळली, मी काई बोलले न्हाई," ती म्हणाली. "पर तुमचं ऑपरेशन मी करून घेणार न्हाई."

आईनं तोंडाला पदर लावला. भाऊ उठून बाहेर गेला. मीही मागोमाग दारापर्यंत गेले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर नुसत्या बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून त्याला जागा दिली.

"दादा, पेशंट कुटंय तुमची?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"मीच हाय," तो म्हणाला.