आईचा समोरून फोटो

"नेमकं काय करता तुम्ही?" हा प्रश्न मला बँकेत विचारतात, सोसायटीत विचारतात, आणि पुरस्कार देणारेही स्टेजमागं हळूच विचारून घेतात. पूर्वी मी हौसेनं सांगायचे, फोटो काढते, लिहिते, फिल्म करते. आता कंटाळा आलाय बाई. लग्नाचे फोटो काढते, एवढंच सांगते. तेही खोटं नाही. लग्नसराईत चितेगावच्या लॉनवर उभं राहून पाय सुजतात, आणि माझं बाकीचं सगळं त्यावरच चालतं. लेख रिक्षात लिहायचा, फिल्मचं एडिटिंग स्वयंपाक उरकून ओट्याशेजारी. कुठलंच धड पुरं होत नाही.

जे काही नाव झालं ते आईमुळं. तिचे हात, तिच्या टाचांच्या भेगा, पदराआडचा अर्धा गाल. तिच्यावर फिल्मही केली. ती फुलंब्रीच्या घरातून निघून मळ्यात जाते आणि कॅमेरा तिच्या मागं मागं जातो. शहरात दाखवली तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "इतकी माणसं आली, अन् समद्यांनी माझी पाठच पाह्यली."

मी हसण्यावारी नेलं. तिला काय कळतंय यातलं, असं वाटलं.

यंदा डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. घरी आल्या आल्या तिनं फर्मान काढलं, "माझा एक सरळ फोटो काढ. समोरून. हार घालता यावा असा."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी नाय. माझ्या आईचा फोटो नव्हता. आता मला तिचं तोंडच आठवत नाय. लई आठवून बघते, नुसतं लुगडं दिसतं."

मी हार्ड डिस्क उघडून बसले. इतक्या वर्षांचे फोटो, जिकडं तिकडं आई, आणि एकातही ती माझ्याकडं बघत नव्हती. मीच सांगायचे ना तिला, कॅमेऱ्याकडं बघू नकोस, तुझं काम करत राहा. समोर बघून काढलेला फोटो आधार कार्डावर शोभतो, असं मी फोटोग्राफी शिकवते त्या वर्गात पोरांनाही सांगायचे. एवढी अक्कल पाजळली आणि घरात भिंतीला लावायला एक फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दारातल्या उजेडात स्टुलावर बसवलं. ठेवणीतली जांभळी साडी, डोक्यावरून पदर, चष्मा काढून मांडीवर. ती थेट माझ्याकडं बघायला लागली. मी फोकस केला आणि मला बटण दाबवेना. एकदा हा फोटो निघाला की ही जायला मोकळी झाली, असं काहीतरी डोक्यात बसलं. डोळे भरून आले, पुढचं दिसेना.

"काय झालं गं?"

"काही नाही. उजेड बदलला."

"उजेड हाय तिथंच हाय." तिनं मांडीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट बघून घेतलं. "रडून घे आधी. मग काढ. हलला तर मला पुन्हा बसावं लागंल, अन् माझी कंबर आत्ताच धरलीय."

चष्मा काढून तिनं परत मांडीवर ठेवला. मग माझं रडणं होईस्तोवर ती तशीच ताठ बसून राहिली, समोर बघत.